किटलीखालचं दुसरं रीळ

गुन्हा माझा आहे, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. नाहीतर पुढे कुठेतरी मी तो किटलीवर ढकलीन, आणि किटली काही साक्षीला येणार नाही.

साल चौऱ्याहत्तर. भिवंडीत वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आमचं चित्रदर्शक मंडळ भरायचं. तेवीस सभासद, धुतलेल्या चादरीचा एक पडदा आणि अर्ज करकरून मिळवलेलं एक सोळा मिलिमीटरचं प्रोजेक्टर. ते चालवायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. पृथ्वी स्वतःभोवती कशी फिरते हे ज्याला समजावता येतं त्याला रीळ फिरवायला काय अवघड, असं समितीचं मत पडलं.

त्या शुक्रवारी मुंबईहून एका थोर जपानी दिग्दर्शकाचा सिनेमा आला होता. चार रिळं, चार डबे. पहिलं रीळ संपलं, दिवे लागले, चहा आला. वाचनालयाच्या टेबलावर किटलीचा गोल डाग पडता कामा नये, असा तिथल्या ग्रंथपालांचा कायदा होता आणि त्या कायद्याला आमचे अध्यक्ष, स्वतः वकील असूनही, टरकत. म्हणून मी हाताला आला तो डबा टेबलावर ठेवला आणि त्यावर किटली ठेवली. चहा झाल्यावर बाजूच्या चळतीतला वरचा डबा उचलून लावला. किटलीखाली दुसरं रीळ होतं. मी लावलं ते तिसरं. ते संपेपर्यंत किटली रिकामी होऊन गेली होती, मग दुसरं लावलं. शेवटी चौथं. डबा पत्र्याचा होता, रिळाला काही झालं नाही. झालं ते काळूरामला.

काळूराम तरे भिवंडीजवळच्या राहनाळचा. वडिलांचं थोडं भात, थोडी खाडी. हा मात्र सोळाव्या वर्षी भिवंडीत लूमवर आला आणि तारा जोडण्याच्या कामाला लागला. लूमवरचं बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, संपलं की नवं बीम चढवतात. जुन्या बीमच्या राहिलेल्या एकेका तारेला नव्याची एकेक तार जोडावी लागते. दोन-अडीच हजार तारा असतात. चिमटीत दोन टोकं धरायची, बोटाला राख लावून पीळ द्यायचा, पुढची घ्यायची. एक जरी तार शेजारणीच्या जागी गेली, तरी पुढे गजच्या गज कापडावर तो दोष रेघ होऊन उतरतो आणि सेठ ती रेघ जोडणाऱ्याच्या तोंडावर उतरवतो. काळूरामच्या कापडात रेघ नसे. तो बोलायलाही तसाच होता. एका वाक्यात एकच गोष्ट, आणि ती जोडल्याशिवाय पुढची नाही.

तो सिनेमाकडे आला तो डोळ्यांच्या डॉक्टरमुळे. दहा-दहा तास वीतभर अंतरावर बघून त्याचं डोकं दुखायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, चष्मा नको, रोज थोडा वेळ लांब बघत जा. आता भिवंडीच्या बोळांत लांब बघायचं म्हणजे समोरच्या भिंतीच्या आधी दुसरी भिंत. काळूरामने चार दिवस प्रयत्न केला. मग एका शुक्रवारी आमच्या हॉलखालून जाताना त्याला खिडकीतून पडदा दिसला. पडद्यावर ह्याच जपानी दिग्दर्शकाचा सिनेमा चालू होता. एक माणूस डोंगराकडे निघालेला, आणि तो बारीक होत होत ठिपका होईपर्यंत दिग्दर्शकाने काही म्हणता काही दुसरं दाखवलं नाही. आमचे अर्धे सभासद तेवढ्यात बिडी ओढून आले. काळूराम रस्त्यात उभा राहून शेवटपर्यंत बघत होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्या शाळेत आला आणि सभासद व्हायचा अर्ज मागितला.

अर्ज चार महिने समितीपुढे पडून होता. आमच्या मंडळात सिनेमा बघणं दुय्यम, चर्चा मुख्य. हा चर्चेत काय बोलणार, अशी शंका अध्यक्षांना होती. अध्यक्ष म्हणजे पंढरीनाथ चौधरी, कोर्टातले नावाजलेले वकील. अशिलाला न्याय मिळो न मिळो, वाक्य पूर्ण मिळायचं. काळूराम त्या चार महिन्यांत दर शुक्रवारी यायचा, प्रोजेक्टरचं धूड जिन्यावरून वर चढवायचा, सिनेमा सुरू झाला की दाराबाहेर उभा राहायचा. दरवेळी खाली उतरताना वकीलसाहेबांना विचारायचा, "माझ्या अर्जाचं काय झालं?" सतराव्या वेळी वकीलसाहेबांनी सही केली. म्हणाले, ह्या माणसाला नाही म्हणण्यापेक्षा हायकोर्टात उभं राहणं सोपं. तेव्हापासून काळूरामची खुर्ची ठरली. शेवटची रांग, भिंतीला टेकून, पडद्यापासून होईल तितकी लांब. सभासदत्वाचं पिवळं कार्ड तो शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा.

तर तो शुक्रवार. शुक्रवारच का, तर भिवंडीचे लूम शुक्रवारी बंद असतात. एरवी आमच्या हॉलच्या भिंतीपलीकडे हाजीसेठचे बारा लूम अशी खटखट करायचे की पडद्यावरच्या नायिकेने हुंदका दिला तरी तो मोटारीतून आल्यासारखा वाटावा. शिवाय त्यांची आणि आमची वीज एकाच लाइनवरची. लूम चालू झाले की आमचं मशीन दमायचं आणि जपानी माणसं झोपेत बोलावीत तशी बोलायची.

ह्या दिग्दर्शकाला आम्ही आपसात आजोबा म्हणायचो, कारण त्यांचं नाव घेताना प्रत्येकाची जीभ वेगळ्या ठिकाणी अडखळे. दोन वर्षांत आजोबांचे पाच सिनेमे बघून झाले होते, आणि मंडळाची एक रीत होती. एखाद्या दिग्दर्शकाचे पाच झाले की वाद घालायचा : ह्यातला सर्वांत पडका, म्हणजे फसलेला, कोणता? वकीलसाहेब म्हणत, स्तुती मुंबईवाले करतातच, थोर माणूस वाकला कुठे ते भिवंडीने सांगावं. वादाचा निकाल आमच्या सायक्लोस्टाइल पत्रिकेत छापला जाई आणि मुंबईच्या मंडळांना पोस्टाने जाई. तिकडे ती कोण वाचत असे ठाऊक नाही, पण इकडे आम्ही ती मुंबई वाचते आहे अशा थाटात लिहीत असू.

आज बघितलेला पाचवा होता. कागदाच्या छत्र्या करणारा एक म्हातारा, त्याचा थोरला मुलगा, सून आणि न संपणारा बर्फ. मी लावलेल्या क्रमाने गोष्ट अशी दिसली : म्हाताऱ्याच्या अंगठ्याला पट्टी, मुलगा घरात नाही, सून त्याचं ताट मांडून बसलेली. मग पुढच्या रिळात मुलगा त्याच घरात निवांत जेवतोय, आणि जेवण झाल्यावर भांडून घर सोडून जातोय. खालची इंग्रजी अक्षरं पांढरी आणि बर्फही पांढरा, त्यामुळे खुलासा करणारं कोणी नव्हतं.

दिवे लागले आणि वकीलसाहेबांनी निकालच दिला. आजोबा म्हातारे झाले, हातातला दोर सुटला, हाच सर्वांत पडका. मागून कन्याशाळेच्या कमळाताई उठल्या. त्या मंडळातल्या एकट्या बाई सभासद, आणि वकीलसाहेबांशी मतभेद हा त्यांचा शुक्रवारचा उपवास. त्या म्हणाल्या, सून ताटाशी बसून मागचं आठवते आहे, हे आठवणीचं चित्रण आहे. तेवढं ऐकलं आणि माझ्यातला भूगोल जागा झाला. मी उठून पाच मिनिटं बोललो. जपान हा बेटांचा देश आहे, म्हणून तिथला काळसुद्धा सलग नसतो, बेटाबेटांनी असतो, असं मी म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. ते वाक्य आठवलं की मला आजही पाणी प्यावं लागतं.

तेव्हा शेवटच्या रांगेतून काळूराम उभा राहिला. मंडळात आल्यापासून तो चर्चेत पहिल्यांदाच बोलत होता.

"म्हाताऱ्याच्या अंगठ्याला पट्टी आधी हाय," तो म्हणाला, "आन् अंगठा कापला नंतर. असं कसं?"

अंगठा कापल्याचं कोणाच्याच लक्षात नव्हतं. बांबू तासताना सुरी निसटते, तो क्षणभराचा प्रसंग. तेव्हा आम्ही सगळे मुलगा जेवतोय त्याचा अर्थ लावत होतो. ज्याचं पोट चिमटीवर चालतं, त्याला मात्र पडद्यावर आधी बोटं दिसतात.

वकीलसाहेबांनी उलटतपासणी घेतली. शेवटच्या रांगेतून अंगठा दिसला का? लांबचं चांगलं दिसतं, काळूराम म्हणाला. दुसऱ्यांदा कापला असेल. शेवटी एकच वण दिसतो, तो म्हणाला. कमळाताईंनी मदतीला यावं म्हणून सुचवलं की ती पट्टी प्रतीकात्मक असेल, पुढे होणाऱ्या जखमेची. काळूरामने जरा विचार केला. मग म्हणाला, आमच्या कारखान्यात अशी जखम व्हायच्या आधी पट्टी बांधली तर मुकादम हजेरी कापतो.

लोक हसले. तो हसला नाही. "सिनेमा पडका हाय का न्हाय ते मला ठावं न्हाय," तो म्हणाला. "पन तारा उलट्या जोडल्यात. सरळ बघितल्याबिगर पडका म्हणू नका."

ह्या वेळी मी काय करत होतो, तर मागच्या टेबलावर रिळं परत गुंडाळत होतो. हातातल्या रिळाच्या सुरुवातीच्या पट्टीवर आकडा होता दोन, आणि ते मी तिसऱ्या खेपेला लावलं होतं. माझ्या कानशिलातून वाफ निघाली. तोंड उघडायला हीच वेळ होती. पण बेटाबेटांचा काळ अजून हॉलमध्ये तरंगत होता, आणि त्याला खाली उतरवायचा धीर मला झाला नाही. मी रीळ गुंडाळत राहिलो.

वकीलसाहेबांना हसू सहन व्हायचं, सल्ला सहन होत नसे. ते म्हणाले, मुंबईहून आलेली प्रत उलटी असते असं म्हणणं म्हणजे मंडळाची चेष्टा आहे. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही चुकीचे ठरलात तर, तरे?"

काळूरामने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पिवळं कार्ड काढलं, चार खुर्च्या ओलांडून गेला आणि ते वकीलसाहेबांपुढे टेबलावर ठेवलं. "उद्या परत लावा. मी चुकलो तर कार्ड तुमचं. पुन्हा पायरी चढणार न्हाय."

प्रत रविवारी सकाळी मुंबईला परत जायची होती. म्हणजे शनिवार हाच काय तो दिवस, आणि शनिवारी लूम चालू. वकीलसाहेब म्हणाले, लूम बंद ठेवा, मग लावू. हे म्हणजे खाडीला ओहोटी घ्यायला सांगण्यासारखं होतं.

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्याबरोबर मी काळूरामच्या कारखान्यात गेलो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. तो एका लूममागे उकिडवा बसून तारा जोडत होता. आजूबाजूला वीस लूम चालू. मी त्याच्या कानाशी वाकून कबुली दिली. त्याने मान वर केली नाही, नुसता डावा हात दाखवला : थांबा. मधेच उठलं तर हातातली तार हरवते. अर्धा तास मी सुताच्या कोंड्यात उभा राहिलो. पांढरा होत गेलो, आतून आणि बाहेरून. शेवटची तार जोडून तो उठला, मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, चला, हाजीसेठकडे. मी काय बोललो ते त्याला ऐकू गेलं होतं की नव्हतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नव्हतं. आणि पुन्हा सांगण्याइतका शूर मी अर्ध्या तासात राहिलो नव्हतो.

हाजीसेठ गादीवर बसून पान जमवत होते. भिंतीआडचे बारा लूम त्यांचे. माणूस दिलदार, पण लूम थांबला की त्यांना स्वतःची नाडी थांबल्यासारखं व्हायचं. काळूरामने मागणी एका वाक्यात मांडली. हाजीसेठनी पान हातातच ठेवलं.

"तेरे सिनेमा के वास्ते मैं बारा लूम खडे करूं? पाच से सात? और मेरे कारीगर क्या खाएंगे, जपान का बर्फ?"

काळूरामने त्याचाही हिशोब जोडून आणला होता. हाजीसेठच्या चार लूमची बीमं येत्या आठवड्यात संपणार होती. बीम संपलं की तारा जोडून होईपर्यंत लूम उभा, कारागीर हातावर हात. ती चारही बीमं काळूराम सुट्टीच्या शुक्रवारी, फुकट, एकटा जोडून देणार होता. आज दोन तास गेले तर आठवड्यात त्याहून जास्त परत मिळणार. त्याने हे सेठच्या कारागिरांना आधीच विचारलं होतं आणि ते कबूल होते, फक्त सिनेमा बघायला मिळाला पाहिजे ही त्यांची अट होती.

हाजीसेठ पानाची घडी घालू लागले. "इतना अच्छा सिनेमा है?"

"मालूम नहीं, सेठ. अभी देखा नहीं."

"कल तो देखा, बोल रहे थे."

"उलटा देखा."

हाजीसेठनी पान तोंडात टाकलं. म्हणाले, चार बीम म्हणजे तुझा अख्खा शुक्रवार जाणार, तुझा शुक्रवारचा सिनेमा बुडणार. काळूराम म्हणाला, हो, बुडेल. तेव्हा हाजीसेठनी मुकादमाला हाक मारली, आणि आपणही येत असल्याचं जाहीर केलं. कशासाठी लूम थांबले हे मालकाने बघायला नको का?

पाच वाजता बारा लूम थांबले. भिवंडीत शनिवारी संध्याकाळी तशी शांतता कोणी ऐकली नव्हती. खालच्या दुकानदाराने वर येऊन कोण गेलं म्हणून विचारलं. हॉलमध्ये सभासद, कारागीर, अंगाला चिकटलेल्या सुतासकट, आणि पहिल्या रांगेत हाजीसेठ. वकीलसाहेबांनी पिवळं कार्ड टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं, पुराव्याच्या वस्तूसारखं. काळूराम त्याच्या खुर्चीत गेला नाही. तो माझ्या मशीनपाशी येऊन उभा राहिला आणि चारही डबे त्याने आपल्या हाताखाली घेतले. पहिला त्याने माझ्या हातात दिला.

तो डबा हातात घेतल्यावर मात्र माझ्याने राहवेना. मी दिवे तसेच ठेवायला सांगितले आणि सगळ्यांसमोर बोललो. किटली, डाग, डबा, दुसरं, तिसरं. बेटांचं वाक्यही परत घेतलं. कमळाताईंनी पदर तोंडाला लावला. वकीलसाहेबांनी खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले. पत्रिकेसाठी काल लिहिलेला तो निकाल होता, आजोबांच्या उतरत्या काळावर. त्यांनी तो उभा फाडला, आडवा फाडला, मग टेबलावरचं पिवळं कार्ड उचललं, स्वतः उठून मागे आले आणि काळूरामच्या खिशात घातलं. "आता सिनेमा बघायची गरजच उरली नाही," ते म्हणाले, "तुमचं सिद्ध झालं, तरे."

काळूराम म्हणाला, लूम थांबलेत, साहेब, बघून घेऊ. आणि मला खुणावलं.

एक. दोन. तीन. चार. प्रत्येक डबा त्याच्या हातून आला, आणि देण्याआधी त्याने तो दोन्ही बाजूंनी फिरवून आकडा बघितला. त्या दिवशी चहाची किटली जिन्यावर ठेवली होती. दुसऱ्या रिळात मुलगा भांडून गेला, सुरी निसटली, अंगठा कापला; तिसऱ्यात पट्टी आली. कारागिरांतून कोणीतरी "हां, अब ठीक" म्हणालं. हाजीसेठ तिसऱ्या रिळापासून झोपले होते, पण मान ताठ ठेवून, मालकासारखे.

दिवे लागल्यावर वाद असा झालाच नाही. सगळ्यांनाच काल केलेल्या अन्यायाची भरपाई करायची होती. वकीलसाहेब म्हणाले, आजोबांची ही सर्वांत परिपक्व कृती. कमळाताई पहिल्यांदाच त्यांच्याशी सहमत झाल्या आणि त्यामुळे दोघंही थोडे अस्वस्थ दिसले. कोणी बर्फाची स्तुती केली, कोणी छत्र्यांची. पडक्याचा मान आजोबांच्या दुसऱ्या एका सिनेमाला देऊन टाकायचं ठरलं, ज्याची बाजू घ्यायला त्या दिवशी तिथे कोणी नव्हतं. हाजीसेठ जागे होऊन "बढिया" म्हणाले आणि लूम चालू करायला धावले.

काळूराम तोवर वायर गुंडाळत होता. त्याने प्रोजेक्टर पेटीत घातलं, पेटी उचलली, आणि आम्ही दोघं जिना उतरू लागलो. भिंतीपलीकडे एकेक लूम सुरू होत होता, पहिला, दुसरा, मग मोजता येईनासे झाले. ह्या माणसाने एका सिनेमासाठी आपलं कार्ड लावलं होतं, सुट्टीचा शुक्रवार देऊ केला होता, चार बीमं म्हणजे आठ-दहा हजार तारा डोक्यावर घेतल्या होत्या. त्याच्या तोंडून त्याचं कौतुक ऐकायला मी आतुर झालो होतो. त्यात माझ्या गुन्ह्यालाही जरा ऊब मिळाली असती.

"काय काळूराम," मी विचारलं, "आता सरळ बघितलास. मग कसा आहे सिनेमा?"

तो पेटी खांद्यावर सावरत शेवटची पायरी उतरला.

"पडकाच हाय, मास्तर, पन आता तो आजोबांचा पडका हाय, तुमचा न्हाय."